केमो चालू असताना ताप आला, तर आमच्याकडे गोळी मागू नका

(केमोची औषधे आमच्या दुकानातून नेणाऱ्या पेशंटच्या घरच्यांसाठी. कागद फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.)

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त एकदा जरी दिसले, तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. रात्रीचे दोन वाजले असतील तरीही. "सकाळपर्यंत बघू" हा एरवीच्या तापाचा हिशेब इथे चालत नाही.

केमोने हाडांच्या मगजात नव्या पांढऱ्या पेशी तयार होणे मंदावते. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वात कमी होतात. कॅलेंडरवर हे दिवस पेनने रंगवून ठेवा. पू होतो तो मुख्यतः याच पेशींमुळे. त्या नसल्या की जखम लाल होत नाही, पू धरत नाही, छातीचा एक्स-रेही कधी स्वच्छ दिसतो. जंतू रक्तात पोचल्याची बऱ्याचदा ताप ही एकच खूण उरते, आणि पॅरासिटामॉलने नेमकी तीच पुसली जाते. म्हणून गोळीला आमचा नकार. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन तर नकोच. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो.

रिपोर्ट वाचताना एक चूक हमखास होते. न्यूट्रोफिल ६० टक्के दिसले की घरचे निर्धास्त होतात. पण एकूण पांढऱ्या पेशी ७०० असतील, तर ७०० चे ६० टक्के म्हणजे ४२०. पाहायचा तो हा आकडा. तो ५०० च्या खाली असणे धोक्याचे.

ताप तोंडात किंवा काखेत मोजा. चहा किंवा गार पाणी घेतले असेल तर अर्धा तास थांबून. तोंड आले असेल तर काखेतच. तिथे आकडा साधारण अर्धा सेल्सिअस कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारातून ताप मोजू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एनिमा किंवा सपोझिटरीही (गुदद्वारात ठेवायची गोळी) नको. तिथली नाजूक त्वचा सोलली की आतड्यातले जंतू थेट रक्तात जातात. संसर्ग बऱ्याचदा बाहेरून येतच नाही, तो आपल्याच आतड्यातल्या आणि कातडीवरच्या जंतूंचा असतो. मास्क लावला म्हणून ताप येणार नाही, असे समजू नका.

उलटी थांबवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल, किंवा पेशंट वयस्कर असेल, तर ताप चढेलच असे नाही. हुडहुडी, धाप, बरळणे, लघवी कमी होणे, यांतले काहीही ताप मानून निघा. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी छातीत किंवा दंडात बसवलेली नळी) धुतल्यावर थंडी वाजली तर लाइनमध्येच जंतू असण्याची शंका घ्यावी लागते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिले वाक्य: "केमो चालू आहे, ताप आला आहे." ओपीडीच्या रांगेत बसू नका. फाइल, शेवटच्या केमोची तारीख, औषधांची नावे आणि ॲलर्जीची माहिती सोबत असू द्या. आधी कल्चरसाठी (रक्तातले जंतू उगवून ओळखण्याची तपासणी) रक्त घेतात, लाइन असेल तर लाइनमधून आणि हातातूनही. मग रिपोर्टची वाट न पाहता, पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. घरातली उरलेली अँटिबायोटिक आधीच दिली, तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि नेमके औषध निवडणे अवघड होते. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्याही होतील, पण त्यांच्यासाठी अँटिबायोटिक थांबवायचे नसते.

पेशी वाढवणारे इंजेक्शन (फिलग्रास्टिम, पेगफिलग्रास्टिम) आम्ही आइसपॅकसोबत देतो. पॅक खोक्याला टेकू देऊ नका. घरी २ ते ८ सेल्सिअसला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, दारातही नाही. हलवू नका. गोठले तर न वापरता आम्हाला दाखवा. केमो संपल्यावर निदान २४ तासांनी ते देतात. घाई केली तर नव्याने वाढणाऱ्या पेशीच केमोच्या तडाख्यात सापडतात. या इंजेक्शनने कंबर आणि हाडे दुखतात. त्यासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली असेल, तरी प्रत्येक गोळीआधी ताप मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा.