बगदादची १९ मार्च आणि आपल्या मराठा पलटणी

फौज घुसवून दुसऱ्याच्या देशात लोकशाही आणायची, यावर परदेशी पेपरवाले काय लिहितात हा विषय निघाला की सगळे २००३ च्या अमेरिकेच्या इराक युद्धापासून सुरू करतात, पण आम्हा सातारकरांना त्याच्या बरंच मागं जायला पाहिजे, कारण आपली माणसं इराकात कधीच जाऊन आलीयत. अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत, कुठल्या कुठल्या आघाडीवर पडले. ब्रिटिश फौजेतल्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, ११० वी आणि ११७ वी तर कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातच सापडल्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं हत्यार खाली ठेवलं आणि मग कैदेत उपासमार, रोगराई, काय काय सोसलं त्या पोरांनी.

पुढं ११ मार्च १९१७ ला बगदाद ब्रिटिशांच्या हातात पडलं. १९ मार्चला ब्रिटिश सेनापती जनरल मॉडच्या नावानं जाहीरनामा निघाला, आम्ही जिंकायला नाही आलो, तुम्हाला मुक्त करायला आलोय. हे वाचलं की पोटात तुटतं, कारण मुक्त करायला नेलेले आपले शिपाई स्वतःच गुलाम देशातले. तीन वर्षांत इराकी लोक उठले, ब्रिटिशांनी विमानातून बॉम्ब टाकले, आणि ऑगस्ट १९२० मध्ये लंडनच्या संडे टाइम्समध्ये लॉरेन्सनं (तोच, अरबस्तानवाला) लिहिलं की इंग्लंडच्या जनतेला सापळ्यात अडकवलंय, मानानं बाहेर पडणं अवघड आहे. म्हणजे ही टीका शंभर वर्षं जुनी आहे.

फौजेनं लोकशाही आणण्याचे समर्थक कायम जर्मनी-जपानचं उदाहरण देतात. पण ते दुसरं महायुद्ध लोकशाही आणायला सुरू झालंच नव्हतं, आणि दोन्हीकडं संसद, निवडणुका लोकांनी आधी बघितलेल्या होत्या. आणि त्याच काळात, १९४३ ते ४६, आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत प्रतिसरकार चालू होतं, गावातलीच माणसं न्यायनिवाडा करत होती, कुठल्या बाहेरच्या फौजेनं येऊन शिकवलं नव्हतं.

आता २००३. इराकात घुसायला अमेरिकेनं आधी कारण सांगितलं महासंहारक अस्त्रांचं, ती सापडेनात तेव्हा लोकशाहीवर जोर आला. लंडनचा इकॉनॉमिस्ट युद्धाच्या बाजूनं, गार्डियन विरोधात, आणि त्याच घरातला रविवारचा ऑब्झर्व्हर मात्र बाजूनं! बड्या पेपरमालक मर्डॉकचे पेपर जवळजवळ सगळे युद्धाच्या बाजूला. न्यूयॉर्क टाइम्सनं २६ मे २००४ ला छापून कबूल केलं की अस्त्रांच्या बातम्या आम्ही नीट तपासल्या नाहीत, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग ३० जानेवारी २००५ ला इराकात मतदान झालं, शाईच्या बोटांचे फोटो जगभर गेले आणि जर्मनीच्या श्पीगल साप्ताहिकात प्रश्न आला, बुश बरोबर होते की काय? युद्धाला कडक विरोध करणाऱ्या लंडनच्या इंडिपेंडंट पेपरनंही तसंच विचारलं. वर्षभरात इराकातल्या सामराच्या शिया मशिदीत स्फोट, शिया-सुन्नी कत्तली, आणि तो प्रश्न गायब. मला हेच खटकतं, बाहेरून लोकशाही लादणं योग्य की अयोग्य हे मत त्या महिन्यातल्या बातम्यांवर कसं ठरतं? लिबियात २०११ ला पाश्चिमात्य देशांचे हल्ले सुरू झाले तीही तारीख १९ मार्चच, सुरुवातीला उत्साह आणि नंतर गप्प. काबूल २०२१ तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

अरबांकडचं मत वेगळंच होतं आणि त्याला कारण होतं. ८ एप्रिल २००३ ला बगदादमधल्या अल जझीरा या अरबी वाहिनीच्या ऑफिसवर अमेरिकेचा हल्ला झाला, त्यांचा बातमीदार गेला. त्याच दिवशी आपल्या लोकसभेनं या युद्धाविरुद्ध ठराव केला, हिंदीत त्यात निंदा हा शब्द होता, इंग्रजीत जरा मऊ. तरी अमेरिका भारताकडं फौज मागतच होती, उत्तर इराकसाठी, म्हणजे १९१८ ला शरकात गावाजवळच्या लढाईत मराठे लढले त्याच बाजूला. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारनं नाही म्हणून सांगितलं.