जकातीच्या मदतीचा अर्ज: खरे गरजू नेमके कुठे अडकतात

जकात, म्हणजे मुस्लिमांनी गरजूंसाठी काढायचं बंधनकारक दान, वाटणाऱ्या संस्थांनी छाननी कडक केली, ते योग्यच झालं. एकच घर चार संस्थांकडून पैसे उचलतं, दलाल हॉस्पिटलची खोटी बिलं जोडून मंजूर रकमेतला वाटा खातात. अडचण अशी की लबाडाचे कागद नेहमी चोख असतात. अर्ज परत येतो तो ज्याच्याकडे गरज आहे पण कागद नाही, त्याचा.

कुराणातल्या सूरह (अध्याय) तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन (दोन्ही गरिबांचेच प्रकार), कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर हे त्यांतले. छाननीत मात्र बहुतेकांचं घोडं निसाबापाशी, म्हणजे मालमत्तेच्या ठरलेल्या मर्यादेपाशी अडतं. हनफी मजहबाच्या (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका परंपरेच्या) हिशेबाने राहतं घर, रोजच्या वापरातलं सामान आणि कामाची अवजारं सोडायची, देणी वजा करायची. उरलेल्याची किंमत ६१२.३६ ग्रॅम चांदीइतकी भरली तर जकात घेता येत नाही. सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम, म्हणून दोन तोळ्यांचे दागिने असलेल्या बाईला वाटतं आपण मर्यादेच्या आत आहोत. पण सोन्यासोबत थोडी रोख असली की दोन्हींची किंमत एकत्र धरतात आणि ती चांदीच्या निसाबापुढे सहज जाते. इतर मजहबांत हिशेब वेगळा आहे, तेव्हा संस्था कोणता धरते ते आधी विचारा. दागिने लपवू मात्र नका. घरी चौकशीला आलेल्यांना ते दिसले की पात्र असलेला अर्जही फसवणुकीच्या यादीत जातो.

आता देणी. हाच तो कागद, जो कुणाकडेच नसतो. भावाकडून, शेजाऱ्याकडून घेतलेली उसनवारी तोंडीच असते, आणि पुरावा नसेल तर संस्था ती वजा करत नाही. खरं तर कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं सूरह बकराच्या २८२व्या आयतीत स्पष्ट म्हटलं आहे, आणि कुराणातली सर्वांत लांब आयत तीच. कर्ज जुनं असेल तर देणाऱ्याकडून आजच्या तारखेची लेखी कबुली घ्या: रक्कम, कधी दिली, किती फिटली, दोन साक्षीदारांच्या सह्या. मागची तारीख टाकलीत तर खरं कर्जही बनावट ठरेल.

ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं हे नेहमीचंच. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक असू द्या. उपचारासाठी अंदाजपत्रक हॉस्पिटलच्या शिक्क्याचं लागतं. पैसे बहुधा थेट हॉस्पिटलला जातात, त्यासाठी तुमचं संमतीपत्र घेतात. कोऱ्या फॉर्मवर सही कुणालाच देऊ नका. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणारा माणूस दलालच समजा. जकात गोळा करून वाटणाऱ्यांचा हक्क त्या आठांत आधीच धरलेला आहे, तो तुमच्या खिशातून द्यायचा नाही.

मुदतीचा घोळ वेगळाच. रमजानमध्ये वाटप होतं म्हणून लोक रमजानमध्ये अर्ज घेऊन येतात, तेव्हा चौकशीची वेळ टळलेली असते. गेल्या वर्षीची इंग्रजी तारीखही धरू नका, हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतं. शिवाय मुदत हिजरी तारखेची असेल तर तो दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला संपतो, मध्यरात्री नव्हे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ‘बसत नाही’ एवढं तोंडी सांगून माणसाला परत पाठवणं ही संस्थांची फार वाईट खोड आहे. कारण निसाबाचं निघालं तर त्याच टेबलावर नफली सदक्याच्या (ऐच्छिक दानाच्या) निधीची चौकशी करा. त्याला निसाबाची अट नाही, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं खातं वेगळं ठेवलेलं असतं.