पार्श्वभूमी : शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि लॉगमधली मिनिटे

प्रशिक्षणार्थी शिक्षक आशयाशी, मार्गदर्शकाशी आणि एकमेकांशी कसे जोडले जातात, हा प्रश्न लर्निंग ॲनालिटिक्सहून, म्हणजे शिकणाऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या विश्लेषणाहून, जुना आहे. दूरशिक्षणातल्या आंतरक्रियांची ही तिहेरी विभागणी १९८९ सालची. पुढच्या दशकात संशोधक ऑनलाइन चर्चेतली एकेक पोस्ट वाचून हाताने तिचे वर्गीकरण करत. २००० साली आकलनात्मक, सामाजिक आणि अध्यापनविषयक ‘उपस्थिती’ची (चर्चेत विचार, परस्परांतले नाते आणि मार्गदर्शन कितपत दिसते याची) चौकट आली आणि या वर्गीकरणाला नेमके निकष मिळाले. काम मात्र वेळखाऊच राहिले.

२००२ मध्ये मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारी प्रणाली आली. अशा एलएमएसमुळे (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टममुळे) कोणी कधी काय उघडले याची नोंद, म्हणजे लॉग, आपोआप साठू लागली. कॅनडातल्या बॅन्फ इथे २०११ साली लर्निंग ॲनालिटिक्सची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ही माहिती शिकणे समजून घेण्यासाठी आणि सुधारण्यासाठी वापरायची, असे उद्दिष्ट ठरले. कोण कोणाला उत्तर देतो याचे जाळे काढणारी साधने तोवर आलेली होती.

खरा वाद आहे तो वेळ मोजण्याचा. पान कधी उघडले हे लॉगला कळते, ते कधी मिटले हे बहुधा कळत नाही. म्हणून दोन क्लिकमधले अंतर हाच अभ्यासाचा वेळ धरतात. समजा, एका शिक्षिकेने ९ वाजून १० मिनिटांनी पाठ नियोजनाची पीडीएफ उघडली आणि पुढचे क्लिक ९ वाजून ५२ मिनिटांनी केले. ही ४२ मिनिटे वाचनाची, की मध्येच आलेल्या फोनची? यावर उपाय म्हणून कमाल मर्यादा घालतात. कोणी १० मिनिटांपुढचा वेळ कापतो, कोणी ३० मिनिटांपुढचा. कोणी तेवढे अंतर गाळूनच टाकतो, तर कोणी त्या जागी सरासरी भरतो. वेळ मोजण्याची पद्धत बदलली की निष्कर्षही बदलतात, हे २०१५ मध्ये एका अभ्यासाने दाखवून दिले. तरीही आपण कोणती मर्यादा घातली हे न सांगणारे अहवाल नंतरही येत राहिले. मला ही गंभीर त्रुटी वाटते, कारण ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ हे शिक्के त्याच मिनिटांवरून बसतात.

शिक्षक प्रशिक्षणात हा शिक्का जास्त बोचतो. प्रशिक्षणार्थी नोकरीत असतात, पीडीएफ उतरवून घेतात, सवडीने ऑफलाइन वाचतात आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहतात. यातला फक्त डाउनलोड लॉगमध्ये उमटतो. उलट पोस्ट सक्तीच्या केल्या की ‘छान माहिती’, ‘सहमत’ अशा उत्तरांनी जाळे दाट दिसते. इतरांच्या पोस्ट मन लावून वाचणारा पण न लिहिणारा शिक्षक त्या जाळ्यात सुटा ठिपका होऊन राहतो, आणि याच शिक्षकावर अन्याय होतो.

२०१८ मध्ये युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला आणि संमतीचा प्रश्न पुढे आला. शिक्षक प्रशिक्षणात तो अधिक नाजूक आहे. प्रशिक्षण देणारा आणि नोकरी देणारा एकच असेल, तर डॅशबोर्डवरचा (सहभाग दाखवणाऱ्या फलकावरचा) ‘निष्क्रिय’ असल्याचा लाल रंग शिक्षकाला मदत मिळवून देईल की त्याच्या सेवा-नोंदीत जाईल, हे आधीच ठरलेले असायला हवे. २०२० मध्ये महासाथीने बहुतेक प्रशिक्षण एका झटक्यात ऑनलाइन नेले. डेटा प्रचंड वाढला, पण मॉड्यूल किती जणांनी पूर्ण केले आणि सर्टिफिकेट किती निघाली एवढेच बहुतेक ठिकाणी मोजले गेले.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि पोस्टचा मजकूर यंत्राकडून वाचून घेणे सोपे झाले. हाताने महिनोन्‌महिने चालणारे वर्गीकरण आता काही तासांत होऊ शकते. पण पोस्टही यंत्राकडूनच लिहून घेता येते. त्यामुळे एखादी पोस्ट शिक्षकाचा विचार दाखवते का, हे ठरवायला नुसता मजकूर पुरत नाही. त्याच्या वर्गातल्या कामाचे नमुने आणि मुलाखती लॉगशेजारी ठेवूनच ते तपासावे लागते.