पत्रपेटीचे एअरब्रश-रंगकाम (नागपूर)

घराच्या फाटकावर किंवा दर्शनी भिंतीवर बसवलेल्या पत्रपेटीवर, हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा सोडणाऱ्या एअरब्रश या लेखणीवजा साधनाने चित्र, नाव वा नक्षी काढण्याचे काम. एअरब्रशचे आरंभीचे रूप अमेरिकेत १८७० च्या दशकात अ‍ॅब्नर पीलर यांनी तयार केले आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी त्यास आजच्या साधनाच्या जवळचे स्वरूप दिले. पत्रपेटी सजवण्याची हौसही मुख्यतः अमेरिकेतलीच. तेथे रॉय जोरोलमन यांनी १९१५ मध्ये आखलेली बोगद्याच्या आकाराची पेटी रस्त्याकडेला खांबावर उभी असते आणि तिच्या दोन्ही लांब बाजू चित्राला मोकळ्या मिळतात. नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर यांसारख्या वस्त्यांतील घरांना असते ती पत्र्याची चपटी, कुलपाची पेटी; तिचा एकच दर्शनी भाग रंगवण्याजोगा असतो आणि त्यातूनही पत्र टाकण्याची फट वगळावी लागते.

साधनाच्या तोंडाचे छिद्र साधारणपणे ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते व हवेचा दाब १५ ते ३० पीएसआयच्या (दर चौरस इंचावरील पौंडांच्या) आसपास ठेवतात. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये खटका खाली दाबला की हवा सुटते आणि तो मागे ओढला की रंग. या दोहोंचा मेळ बोटाला साधल्यावरच छटा एकमेकींत विरघळतात. चितारओळीत, म्हणजे नागपुरातील मूर्तिकारांच्या वस्तीत, गणेशमूर्तींवर कॉम्प्रेसरने रंग मारताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील रंगफवारणीच्या बंदुकीचे (स्प्रे गनचे) तोंड मोठे, एवढाच फरक. पिवळ्यातून गडद नारिंगीत उतरत जाणारे संत्र्याचे गोलपण या साधनाला सहज जमते. नागपुरातील झिरो माइल या खुणेच्या दगडी स्तंभाच्या सरळ कडा मात्र मास्किंग टेप किंवा स्टेन्सिल लावल्याशिवाय साधत नाहीत. नाव व घरक्रमांक हातब्रशने लिहिलेलेच अधिक स्वच्छ उठतात, आणि पोस्टमनला लांबून वाचता येणे हा त्यांचा पहिला गुण असल्याने ते चित्रावर नव्हे, सपाट रंगावर लिहावेत.

चित्र किती टिकणार, हे बहुधा एअरब्रश हाती घेण्यापूर्वीच ठरलेले असते. जस्तलेपित पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारल्यास रंगातील तेल आणि जस्त यांची अभिक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि काही काळाने रंगाचे पापुद्रे निघू लागतात. म्हणून पेटी भिंतीवरून उतरवून, तेलकटपणा काढून, पॉलिश पेपरने घासून प्रथम धातूला धरणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, द्यावा लागतो. पेटीवर आधीपासून पावडर कोटिंग (भुकटी रंग भाजून बसवलेला थर) असेल, तर तिची चकाकी मारून पृष्ठभाग खरखरीत करणे बहुधा पुरते.

नागपूरच्या हवेत ऋतू पाहणे अटळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, पाण्यात मिसळलेला अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या आतील सुईच्या टोकावरच वाळून छिद्र तुंबवतो, किंवा वाटेतच सुकून पत्र्यावर भुकटीसारखा बसतो. रंगात सुकणे लांबवणारा रिटार्डर मिसळून पहाटे काम केल्यास हा त्रास कमी होतो. पावसाळ्यात उलट अडचण येते: दाबलेल्या हवेतील बाष्पाचे थेंब रंगात उतरतात, म्हणून नळीत पाणी अडवणारा सापळा बसवावा लागतो, आणि लॅकर वापरल्यास त्यावर पांढुरकी झाक चढते. दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य महिने सर्वांत सोयीचे.

चित्रावर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक थर लागतो, विशेषतः पश्चिमेचे ऊन खाणाऱ्या भिंतीवर, कारण स्वस्त लाल-पिवळे रंग उन्हात लवकर विटतात. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन क्लिअर कोटच्या (पारदर्शक थराच्या) हार्डनरमध्ये, म्हणजे तो कडक करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट हे रसायन असते व त्याचा फवारा श्वासनलिकेस घातक ठरतो. नागपूरकर उन्हात तोंडाला बांधतात तो दुपट्टा येथे काहीच अडवत नाही, आणि योग्य मास्क व व्यावसायिक सोय नसेल तर हा थर रंगकाम करणाऱ्या गॅरेजातून मारून घेणे शहाणपणाचे. फट, बिजागरी आणि कुलपाचे भोक यांवर आधीच टेप लावलेली असावी, नाहीतर सुकल्यावर झाकण चिकटून बसते. पुढे कधी वरचा थर निस्तेज झाला, तर खालचे चित्र शाबूत असेपर्यंत तेवढाच थर हलके घासून नव्याने चढवता येतो.