गंधचित्रण

गंधचित्रण म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात वास जागा करणारी दृश्यकला. वासाला ना रंग, ना आकार. त्यामुळे चित्रकार वास घेणारा माणूस रंगवतो, वासाची वस्तू रंगवतो किंवा वासासाठी एखादी खूण ठरवतो.

मराठीत ही सांगड एका शब्दातच आहे : गंध म्हणजे वास आणि गंध म्हणजे कपाळावरचा टिळाही. पुण्याच्या तुळशीबागेत सहाण, चंदनाचे खोड आणि अष्टगंध आजही मिळतात. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून खोड गोल फिरवत राहिले की कडेला पिवळसर, दाट गंध जमते. देवाच्या कपाळी लावल्यावर त्याचा वास हळूहळू उडतो. सुकलेली रेघ मात्र मागे राहते, आणि तिच्याकडे पाहिले तरी चंदन आठवते. गंधचित्रणाचा इतका साधा आणि घरोघरचा नमुना दुसरा नाही.

याच शहरातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प. कृ. गोडे (1891–1961) यांनी सुगंधशास्त्राचा इतिहास चिकाटीने धुंडाळला. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ ही हस्तलिखिते त्यांनी उजेडात आणली. हे काम पुणेकरांच्या तोंडी असायला हवे होते.

मांडूच्या सुलतानांसाठी 1500च्या सुमारास तयार झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र पोथीत पक्वान्नांच्या बरोबरीने अत्तरांच्या कृती आहेत. मुघल आणि दख्खनी लघुचित्रांत बादशहा, सरदार हाती फूल धरून उभे दिसतात. इस्तंबूलच्या एका प्रसिद्ध चित्रात तर सुलतान दुसरा मेहमद गुलाब नाकाशी धरून बसला आहे. शस्त्र धरणारा हात फूलही जाणतो, असे ही चित्रे सांगतात. युरोपात ब्रूगेल आणि रूबेन्स यांनी 1617–18मध्ये ‘घ्राणेंद्रिय’ रंगवले. त्यात फुलांच्या बागेत कुत्रा आहे, कस्तुरीसारखे उग्र द्रव्य देणारे जवादी मांजरही आहे.

सर्वांत धाडसी वाट जपानची. तिथल्या गेंजी-को या खेळात पाच वेळा धूप हुंगायचा, दर वेळी उजवीकडून डावीकडे एक उभी रेघ मारायची आणि सारख्या वाटलेल्या वासांच्या रेघा वर आडव्या रेघेने जोडायच्या. अशा 52 आकृती होतात. त्यात फूल नाही, धूर नाही, नाकही नाही. पुढे याच आकृती किमोनोवर आणि लाखेच्या डब्यांवर नक्षी म्हणून उतरल्या. पहिल्या दोन रेघा जोडलेल्या दिसल्या की जाणकार ओळखतो : सुरुवातीचे दोन धूप एकच होते.