भारचाचणी (मोटारगाडीच्या बॅटरीची)

शिसे-आम्ल बॅटरीतून काही सेकंद मुद्दाम जबर प्रवाह ओढायचा आणि तेवढ्या वेळात तिचा व्होल्टेज कितपत तग धरतो ते पाहायचे, या पद्धतीला भारचाचणी म्हणतात. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीकडे फार तर प्रज्वलन आणि दिवे एवढेच काम असे. इंजिन हँडल फिरवून सुरू करीत. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरीला क्षणात शंभराहून अधिक अँपिअर देण्याची वेळ आली. तिचा खरा कस तेव्हापासून लागू लागला.

भार न जोडलेल्या बॅटरीचा व्होल्टेज फसवा असतो. मरणपंथाला लागलेला सेलही (बॅटरी ज्यांची बनते तो एकेक घटक) भार नसताना २ व्होल्टच्या वर दाखवू शकतो. सेलचा अंतर्गत रोध ०.००१ ओहम असेल, तर २०० अँपिअरला ०.२ व्होल्ट आतच खर्ची पडतो. तोच रोध ०.००५ ओहमवर गेला की पुरता १ व्होल्ट. हायड्रोमीटरवर, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर, १.२८च्या आसपास घनता आली म्हणजे आम्ल ठीक आहे इतकेच कळते. सेलमधल्या धन-ऋण पट्ट्यांवरचा लेप गळला आहे की आतला सांधा सुटू लागला आहे, हे त्यावरून कळत नाही.

त्या काळचे उपकरण अगदी साधे होते: दोन अणकुचीदार टोकांचा चिमटा, टोकांमध्ये जाड रोधपट्टी आणि वर छोटा व्होल्टमीटर. ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असत आणि त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या डांबराने बुजवलेल्या झाकणावर उघड्याच असत. चिमट्याची टोके त्या शिशात दाबून एकेक सेल तपासता येई. निकाल मुख्यतः तुलनेवर ठरे. तिन्ही सेल सारखेच खाली आले तर बॅटरी बहुधा नुसती उतरलेली. एकच भराभर घसरला तर दोष त्याच सेलमध्ये. म्हणून बॅटरी आधी चार्ज करणे आवश्यक, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. दोषी सेलमधली धन पट्टी खराब की ऋण, हे ठरवायला आम्लात कॅडमियमची कांडी बुडवून वेगळे मापन करीत.

रोधपट्टी झपाट्याने तापते, म्हणून चाचणी काही सेकंदांतच उरकावी लागते. चार्जिंगनंतर लगेच ती करणे धोक्याचे, कारण साचलेला हायड्रोजन टोकांवरच्या ठिणगीने पेटू शकतो.

पुढे एकसंध झाकणाखाली जोडपट्ट्या दडल्या आणि चिमटा निरुपयोगी झाला. त्याची जागा अख्ख्या बॅटरीवर भार टाकणाऱ्या कार्बन-चकत्यांच्या यंत्राने घेतली. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तिच्या शीत-प्रारंभ क्षमतेच्या (कडक थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी ती देऊ शकते त्या प्रवाहाच्या) निम्मा भार १५ सेकंद ठेवतात. सुमारे २१ अंश सेल्सिअसला व्होल्टेज ९.६च्या खाली जाता कामा नये. थंडीत ही मर्यादा थोडी खाली धरतात.