त्या तक्त्यातील ८१ टक्क्यांचा खुलासा

अमेरिकेत मारल्या जाणाऱ्या गोऱ्या नागरिकांपैकी ८१ टक्के कृष्णवर्णीयांच्या हातून मरतात, हा दावा अजूनही फिरतो आहे. तो साफ खोटा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी हा आकडा देणारा एक तक्ता ट्विटरवर टाकला. हातात पिस्तूल धरलेल्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचे चित्र त्यात होते आणि खाली सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या ‘गुन्हे सांख्यिकी ब्यूरो’चे नाव होते, तो ब्यूरो अस्तित्वातच नव्हता. एफबीआयच्या २०१४ च्या आकडेवारीनुसार, एक बळी आणि एक आरोपी असलेल्या ज्या प्रकरणांत दोघांचा वंश नोंदलेला होता, त्यांत गोऱ्या बळींपैकी सुमारे ८२ टक्क्यांना गोऱ्यांनीच मारले होते आणि कृष्णवर्णीय आरोपींचा वाटा सुमारे १५ टक्के होता. कृष्णवर्णीय बळींचे मारेकरीही बहुतांशी कृष्णवर्णीयच होते, कारण माणसाचा जीव बहुधा ओळखीतला किंवा आसपास राहणारा माणूस घेतो आणि अमेरिकेतील वस्त्या आजही बऱ्याच अंशी वंशानुसार विभागलेल्या आहेत. अशा प्रचाराकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही, कारण जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालणाऱ्या डिलन रूफने, कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांवर केलेल्या गुन्ह्यांचा इंटरनेटवर शोध घेतल्यापासूनच आपले मत बदलले, असे स्वतः लिहून ठेवले होते.